एका होडीत दोन विहिणी

माझ्या ओळखीच्या लोकांत मी नाही म्हणण्यासाठी प्रसिद्ध आहे. नारायण पेठेत जन्म, लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून तिथेच संसार. वर्गणी मागायला येणारे आमच्या जिन्यापासूनच मागे वळतात. इमारतीच्या सभेत माझं मत कोणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. तरीही एका बाईला मी कधीच नाही म्हणू शकले नाही. ती म्हणजे माझ्या मुलीची सासू, आमच्या विहीणबाई. आणि केवळ त्या कारणाने, साठीच्या उंबरठ्यावर, डोक्यावर हेल्मेट चढवून मी सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या एका नदीत रबरी होडी घेऊन शिरले. त्याला आता वर्ष होत आलं. अजूनही सकाळी चहा गाळताना ते पाणी आठवतं आणि बरं वाटतं.

नदीचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्याच रविवारी तिथे मिसळीची गाडी लागेल.

मुलीच्या आईने मुलाकडच्यांपुढे एक पायरी खाली उभं राहायचं, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही. ते अंगात मुरलेलंच असतं. मी शिकलेली, नोकरी करून निवृत्त झालेली बाई, पण लेकीच्या लग्नात विहीणबाईंचे पाय धुवायला तांब्या घेऊन बसलेच. त्यांनी पाय ओढून घेतले. "बाप्पा! काय करून राहिल्या तुम्ही? माझे पाय मी रोज धुते," म्हणाल्या आणि मला हाताला धरून उठवलं. सगळं कार्यालय ऐकेल असा त्यांचा आवाज. मी ओशाळले, पण मनातून बाई आवडली.

त्या अमरावतीच्या. यजमान लवकर गेले, मुलाला एकटीने वाढवलं, आणि मुलाला इथे आयटीत नोकरी लागल्यावर कर्वेनगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिल्या. हिवाळा सुरू झाला की मार्केट यार्डातून संत्र्यांची पेटी आणायच्या, त्यातली निम्मी आमच्या घरी पोचवायच्या आणि वर पुणेकरांना संत्रं कळत नाही हेही ऐकवायच्या. दुसऱ्या कोणी ऐकवलं असतं तर पेटी परत गेली असती. विहीणबाईंपुढे मी फक्त हसायचे.

होडीचं खूळ त्यांचंच. धरणाच्या पाण्यावर आम्ही सगळे एकदा सहलीला गेलो होतो. तिथे काही लोक वल्ही मारायला शिकत होते. लहानपणी आपल्या गावच्या नदीत डोंग्यातून फिरलेल्या विहीणबाई ते बघून एकदम तरुण झाल्या. "आपण दोघी शिकू," म्हणाल्या. मी म्हणाले, "हो, शिकू की." माझ्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सर्कशीत भरती व्हायला होकार दिला होता. घरी आल्यावर आमचे यजमान म्हणाले, "बुडायचंच असेल तर लकडी पुलाखाली पाणी आहे की. एवढ्या लांब पेट्रोल कशाला जाळायचं?"

शिकवणारं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं, दोघंही पुण्याचे, पन्नाशीचे. सर कमी बोलायचे आणि बोलले की टोचायचे. बाई त्याहून कमी बोलायच्या आणि जास्त टोचायच्या. आमची होडी दोघींची होती. पुढे बसणारीने जोर लावायचा, मागे बसणारीने होडी वळवायची आणि हुकूम सोडायचे. "जिचं वजन जास्त ती मागे," सर म्हणाले, आणि चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवलं.

म्हणजे हुकूम मी सोडायचे. विहीणबाईंना.

पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "अहो, जरा उजवीकडे घेता का?" त्या मागे वळून म्हणाल्या, "घेते की. तुम्हाला त्रास नाही ना होऊन राहिला?" मी म्हणाले, "छे, छे, तुमच्या सोयीने." तोवर आम्ही काठावरच्या बाभळीत शिरलो होतो. सर शेजारी येऊन थांबले. "मुलगी दाखवायचा कार्यक्रम आटोपला असेल तर होडी चालवू या. पाण्यात आदर नको, आवाज हवा."

आवाज मला आहे. पेठेत राहणाऱ्या बाईला तो नसून चालत नाही. पण समोर ती पाठ, तो राखाडी अंबाडा दिसला की माझ्या तोंडून वाक्य निघायचं ते 'जरा'ने सुरू व्हायचं आणि 'का'ने संपायचं. संथ पाण्यात ते खपून गेलं. दर रविवारी जात राहिलो, हात भरले, दम वाढला. परत येताना गाडीत त्यांच्या डब्यातली शेवभाजी खायची आणि एकमेकींच्या नातेवाइकांची उणीदुणी काढायची, हा माझ्या आठवड्यातला सर्वांत चांगला वेळ झाला.

मग मुलांनी आम्हा दोघींना एका हॉटेलात बोलावून घेतलं आणि आम्ही वेगळे होतोय असं सांगितलं. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. "म्युच्युअल आहे, आई," मुलगी म्हणाली. जावई माझ्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवत राहिला. माझ्या शेजारी विहीणबाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही ठरवलंच असेल तर ठीक आहे," आणि पर्स उचलून उठले. घरी येऊन तांदूळ निवडत बसले. त्या तांदळात एकही खडा नव्हता.

त्या आठवड्यात सरांचा फोन आला. "रविवारी सातला. कारणं नकोत." मी गेले, कारण आपण नाही गेलो तर विहीणबाईंना काय वाटेल असं मला वाटलं. त्याही तेवढ्यासाठीच आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. दोघी होडीत बसलो, वल्ही मारली, हवेबद्दल बोललो. पुढचे कितीतरी रविवार हवेबद्दलच बोललो. कागदपत्रं झाली, मुलगी आमच्याकडे परत आली आणि तिच्या कामाला लागली. आता विहीणबाई माझ्या कोण, हा प्रश्न उरला. फोनमध्ये त्यांचं नाव 'विहीणबाई' असंच होतं. ते बदलायला माझा हात धजला नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलाची बंगळूरला बदली झाली. आईने आपल्याबरोबर यावं असं त्याचं म्हणणं. कर्वेनगरचा फ्लॅट सोडायचा होता. "इथे आता माझं काय आहे?" असं त्या गाडीत सहज म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. मी गियर बदलला. राहा म्हणायला मी कोण? पूर्वी मुलीची आई म्हणून बोलायचा अधिकार नव्हता, आता तर तेही नातं उरलं नव्हतं. माझी जिवाभावाची मैत्रीण पुणं सोडून चालली होती आणि मी तिच्याशी धुक्याबद्दल बोलत होते.

नदीची सहल सरांनी आधीच ठरवली होती. विहीणबाई म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा खरं पाणी पाहू द्या मला." तेव्हाही मी हो म्हणाले.

घाटाखाली पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि थंडी मी म्हणत होती. त्या नदीत एरवी नुसते दगड असतात. वरच्या वीजघरातून सकाळी पाणी सोडतात, तेव्हा ती भरते आणि दुपारी पुन्हा ओसरते. मधला वेळ आपला. जिथून आम्ही सुरुवात केली तिथून खाली दोन्ही बाजूंना उभे कडे आणि रान, ना रस्ता ना फोनला रेंज. एकदा शिरलं की बाहेर पडायची वाट एकच, नदी नेईल ती. सर त्यांच्या एकट्याच्या छोट्या होडीत पुढे, बाई तशाच होडीत मागे, मध्ये आम्ही दोघी.

पाणी जिथे दगडांवरून फेसाळत धावतं त्या उतारांना सरांनी पुण्यातली नावं दिली होती. पहिल्या मोठ्या उताराचं नाव 'मंडई', कारण तिथे दगडांची गर्दी आणि प्रत्येक दगड आपल्या जागेवरून न हलणारा. शेवटच्या आणि सर्वांत अवघड उताराचं नाव 'लक्ष्मी रोड'. "अरुंद आहे, गर्दी आहे, आणि एकदा आत शिरलात की मागे फिरता येत नाही," सर म्हणाले. "मंडईत मोठा काळा दगड आला की डावीकडून जायचं. डावीकडून. समजलं?"

"समजलं," आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

सुरुवातीला मजा वाटली. थंडगार पाणी तोंडावर येत होतं, वरून धनेश पक्ष्यांची एक जोडी पंख वाजवत गेली, विहीणबाई जोरात हसत होत्या. मग मंडई आली. काळा दगड मला लांबूनच दिसला, हत्ती बसल्यासारखा. पाणी आम्हाला सरळ त्याच्यावर नेत होतं. तोंडावर उडणाऱ्या फेसाने डोळे मिटून विहीणबाई पूर्ण जोर लावून वल्हं मारत होत्या, भलत्या बाजूला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "अहो, जरा डावीकडे घ्याल..."

होडी आडवी झाली, दगडाला टेकली आणि उलटली.

खाली अंधार होता आणि आवाज होता. होडी माझ्या डोक्यावर होती, वर यायला जागा सापडत नव्हती. भीती वाटली, खरोखर वाटली. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तेवढ्यात कोणीतरी माझ्या जॅकेटचा खांद्यावरचा पट्टा पकडला आणि भाजीची पिशवी ओढावी तसं मला बाहेर ओढलं. विहीणबाईंचं हेल्मेट वाकडं झालं होतं, अंबाडा सुटून पाण्यावर पसरला होता, आणि त्या एका हाताने पोहत होत्या. मला त्यांनी खडकामागच्या संथ पाण्यात आणलं, तिथून काठावर. सरांनी होडी पकडली, बाईंनी वल्ही गोळा केली.

मी खोकत होते. त्या माझ्या पाठीवर थापट्या मारत होत्या. खोकला थांबल्यावर थापट्याही थांबल्या.

"तुम्हाला तो दगड दिसला नव्हता काय?" त्यांनी विचारलं.

"दिसला होता."

"मग?"

"सांगतच होते."

"काय सांगत होत्या?"

"जरा डावीकडे घ्याल का, असं."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बाप्पा! तो दगड काय तुमचं वाक्य पूर्ण व्हायची वाट पाहून राहिला होता?"

मला हसू आलं. पण त्या हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुमचं हे असंच आहे," त्या म्हणाल्या. "पोरांनी हॉटेलात सांगितलं तेव्हाही तुम्ही असंच केलं. ना रडल्या, ना भांडल्या. पर्स उचलली अन् गेल्या. मी तिथे एकटी बसली. मला वाटलं, ह्या मनातल्या मनात मलाच दोष देऊन राहिल्या. माझ्याच पोराचं काही चुकलं असंल, मीच त्याला नीट वळण लावलं नसंल, असं ह्यांना वाटत असंल. घरी जाऊन किती रडली मी, माहीत आहे?"

"मी कशाला दोष देऊ तुम्हाला?" मी म्हणाले. "मला वाटलं, तुम्हीच माझ्या मुलीला..."

"काहून वाटलं? मला विचारलं तुम्ही?"

मी विचारलं नव्हतं. इतके रविवार एका होडीत बसून मी ह्या बाईला एकही खरा प्रश्न विचारला नव्हता, आणि त्याला मी आदर समजत होते. मला रडू फुटलं. त्याही रडल्या. मग त्यांनी पाणी न शिरणाऱ्या पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं आणि निम्मं माझ्या हातावर ठेवलं. आम्ही कुडकुडत ते खाल्लं. इतकं गोड संत्रं मी आयुष्यात खाल्लं नाही, आणि हे मी पुण्याची असून कबूल करते.

शिकवणाऱ्या बाई पाण्याकडे बघत होत्या. "पाणी ओसरायच्या आत लक्ष्मी रोड पार करायचाय," त्या म्हणाल्या. "उरलेलं भांडण होडीत करा."

पुन्हा बसलो. लक्ष्मी रोडचा आवाज आधी आला आणि मग तो दिसला: दोन कड्यांच्या मध्ये चिंचोळं, पांढरं पाणी, वळण घेत खाली गेलेलं. सर आत शिरले आणि दिसेनासे झाले. विहीणबाई मागे वळल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सांगा."

आणि मी सांगितलं. "उजवीकडे मारा! जोरात! अजून! थकायचं नाही!" त्यांची पाठ वाकली, होडी वळली. "आता मागे! मागे मारा! मागे म्हणते ना मी!" त्यांनी वल्हं उलट मारलं. एक दगड अगदी हाताला लागेलसा बाजूने गेला. "पुढे! पुढे, पुढे, पुढे!" मी काय काय ओरडले देव जाणे. आमच्या जिन्यात कोणी चपला काढून ठेवल्या की निघतो तो आवाज निघाला, पेठेतल्या चार पिढ्यांचा आवाज. माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर पुढचं वल्हं फिरत होतं. मी म्हणेन ते ती बाई करत होती, न विचारता, न वळता. असा विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता. होडी शेवटच्या उडीत जवळजवळ उभी राहिली, आपटली, आणि आम्ही एका मोठ्या हिरव्या डोहात येऊन थांबलो.

एकदम शांत झालं. वल्ह्यांवरून पाणी गळत होतं तेवढाच आवाज. विहीणबाईंनी दोन्ही हात वर केले आणि एक आरोळी ठोकली, ती कड्यावरून परत आली.

माझा घसा बसला होता, पण जीभ सैल झालेली होती. मी म्हणाले, "बंगळूरला जाऊ नका."

त्यांचे हात खाली आले.

"मुलाला वाईट वाटेल, मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "त्याच्याकडे महिनाभर राहून या, दोन महिने राहून या. पण कायमच्या जाऊ नका. मला तुमच्याशिवाय करमणार नाही."

त्या मागे न वळताच बोलल्या. "हे कोणत्या नात्यानं सांगून राहिल्या तुम्ही?"

मी शोध शोध शोधलं. विहीण म्हणता येत नव्हतं. मैत्रीण हा शब्द आमच्या वयाला आणि आमच्या सगळ्या अहो-जाहोला तोकडा वाटला. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण जाऊ नका."

त्यांनी वल्हं उचललं आणि संथपणे मारू लागल्या. मीही मारू लागले. मला वाटलं, झालं, हिने जायचं ठरवलेलं दिसतंय. वाईट वाटलं, पण सांगून टाकल्याचं समाधानही होतं. नदीने माझ्याकडून ते काढून घेतलं होतं आणि त्याबद्दल त्या नदीचे उपकार मी आजही मानते.

डोह संपून नदी पसरट झाली तिथे एक छोटी वाडी होती. सरांच्या ओळखीच्या घरी आमची गाडी येऊन थांबायची होती. घरातल्या बाईंनी आम्हाला पडवीत बसवलं, अंगावर टाकायला गोधडी दिली. एकच होती, ती आम्ही दोघींनी मिळून पांघरली. चहा आला. त्या बाई उंबऱ्यावर टेकून आमच्याकडे कौतुकाने बघत होत्या. दोन म्हाताऱ्या, एक पेठेतलं मराठी बोलणारी, एक वऱ्हाडी हेल काढणारी, एका गोधडीत.

"तुमी दोघी एकमेकींच्या कोन?" त्यांनी विचारलं.

मी चहाच्या कपात बघितलं.

विहीणबाईंनी चहाचा एक घोट घेतला. "ह्या मागं बसतात, मी समोर," त्या म्हणाल्या. "दर रविवारी."

त्या बाईंनी मान डोलावली, तेवढं पुरेसं असल्यासारखी, आणि आणखी चहा आणायला आत गेल्या.